अध्यक्षीणबाई आणि मंडळाची भांडी

आमच्या अध्यक्षीणबाईंना धीट म्हणावं की भित्र्या, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. साधारण माणसं आधी घाबरतात, विचार करतात, घरच्यांना विचारतात आणि मग एखादी गोष्ट चारचौघांत बोलतात. बाईंचं सगळं उलटं. विहिरीवर, रेशनच्या रांगेत, तुमसरच्या एसटीत, जिथे म्हणून चार बायका दिसतील तिथे त्या कार्यक्रम जाहीर करून टाकायच्या आणि घरी येऊन पदराने घाम पुसत घाबरायच्या. "आधी सांगून टाकावं, मंग भ्यावं," असं त्यांचं म्हणणं. "आधी भेलं का तोंडच उघडत नाई. सांगून टाकलं का मंग पाय मांगं घेता येत नाई." कार्यक्रमाला त्या 'कारेक्रम' म्हणायच्या, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला की ऐकणाऱ्या बायका हळूच मागे सरकायच्या, कारण पुढच्याच वाक्यात कोणाला तरी काम लागणार असायचं.

मी लग्न होऊन आंबागडच्या पायथ्याजवळच्या त्या गावात गेले, तेव्हा माझे यजमान जवाहरनगरच्या फॅक्टरीत नुकतेच लागले होते. क्वार्टर मिळायला वेळ होता. मित्रांबरोबर खोली करून ते तिकडे राहायचे आणि रविवारी गावी यायचे. मी मूळची भंडाऱ्याची, मॅट्रिक झालेली, धानाच्या बांधावरून चालताना हमखास चिखलात पाय घालणारी. सासरी येऊन आठवडा झाला नसेल, एक ठेंगणी, सावळी, घोट्याच्या वर लुगडं नेसलेली बाई ओसरीवर येऊन बसली. सासूबाईंनी पाणी दिलं. ते पिऊन तिने मला खालून वर पाहिलं.

"शिकली हायेस म्हणते."

"मॅट्रिक झाले."

"मंग तू सचिव."

"कशाची?"

"महिला मंडळाची."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरही प्रश्नच होता. "गावात मंडळ आहे का?" मी विचारलं.

"आजवर नवतं. आता तू आली, आता होईन."

मागाहून कळलं ते असं. पंचायत समितीतून आलेल्या एका बाईंनी गावात सभा घेतली होती आणि तुमच्याकडे महिला मंडळ आहे का, असं विचारलं होतं. सगळ्या बायका जमिनीकडे पाहत बसल्या. शेजारच्या गावात आहे, असं पंचायत समितीच्या बाई म्हणाल्या, तेव्हा आमच्या बाईंना ते सोसवलं नाही. "आमच्याकडं बी हाय," ह्या म्हणाल्या. "अध्यक्ष कोण?" "मीच." मंडळ नसतानाच त्या अध्यक्ष झाल्या. गावाने ते असं उचललं की भाजीवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे त्यांना अध्यक्षीणबाई म्हणू लागले. मी तेवढी काकीजी म्हणायची.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काकाजी, अगदीच वेगळ्या मातीचे. धानाची शेती, बैलजोडी आणि एक बंडी, एवढंच त्यांचं जग. बोलणं इतकं कमी की बैलही त्यांच्या खाकरण्यावर वळायला शिकले होते. बाई घरी येऊन म्हणायच्या, "आयकलं का, मी कारेक्रम सांगून टाकला." काकाजी विचारायचे, "केव्हा?" कशाला, कोणासाठी, कोणाला विचारून, यातलं काही त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही. दिवस कळला की ते गोठ्याकडे जायचे, कारण मांडवाचे बांबू, सतरंज्या, पाण्याचे माठ, सगळं त्यांच्याच बंडीतून यायचं हे त्यांना ठाऊक असायचं.

मंडळाचा पहिला कार्यक्रम संक्रांतीचा. बाईंनी हळदीकुंकू जाहीर केलं आणि गावातल्या झाडून साऱ्या घरी बोलावणं धाडलं. साऱ्या म्हणजे तलावाच्या पलीकडच्या वस्तीतही. ती घरं छप्पन सालापासून बौद्ध झालेली. कोणी शेती करायचं, कोणी मजुरी, काही जण चिखल्याच्या खाणीत कामाला होते. तिथून उत्तर घेऊन सुमनबाई आल्या. उंच, काटक, आणि बोलायला सरळ. त्यांचे यजमान खाणीत होते, आणि वस्तीतल्या बायकांमध्ये सुमनबाईंचा शब्द चालायचा. बाई बसा म्हणत असताना त्या उभ्याच राहिल्या.

"अध्यक्षीणबाई, बोलावणं आलं तं बरं वाटलं. पण हळदीकुंकू आमी करत नाई. तिळगुळाले या म्हणसान, तं येतो."

बाई थोडा वेळ सुपातले तांदूळ इकडचे तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाय. हळदीकुंकू जिचं तिनं आपल्या घरी करावं. मंडळात तिळगूळ, अन् मंग संगीत खुर्ची."

संगीत खुर्ची त्यांनी पंचायत समितीच्या शिबिरात पाहिली होती. गावात खुर्च्या होत्या दोन, त्याही शाळेत. म्हणून जेवायचे पाट गोल मांडले. संगीत म्हणून काकाजींना थाळी दिली आणि बायका दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवलं. ते गंभीरपणे थाळी वाजवत होते आणि मनात येईल तेव्हा थांबत होते. नऊवारी लुगड्यातल्या बायका पाटांभोवती पळताना एकमेकींवर आदळून इतक्या हसल्या की दोघींना उचलून बसवावं लागलं. शेवटचा पाट सुमनबाईंनी पटकावला. बक्षीस होतं बाईंच्या छपरावरचं कोहळं.

सगळं गोडच झालं असं नाही. वस्तीतल्या बायकांनी दिलेला तिळगूळ काही जणींनी पदरात घेतला आणि वाटेत कोंबड्यांना टाकला. बाईंनी ते पाहिलं. मी चिडले होते. त्या म्हणाल्या, "पदरात तं घेतला ना. पुढच्या साली तोंडात टाकतीन." पुढच्या वर्षी काहींनी टाकला, काहींनी नाही. बाई दरवर्षी तेवढ्याच उत्साहाने पाहत राहायच्या.

भांड्यांची कल्पना मात्र विहिरीवर सुचलेली नव्हती. गावात लग्न असो की तेरवी, भात शिजवायचे मोठे गंज, कढया, पराती एकाच घरी होत्या, गावच्या जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या. मागायला गेलेल्या माणसाला ओसरीखाली उभं राहावं लागे आणि त्याची परतफेड त्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाऊन करावी लागे. वस्तीला तर ती भांडी मिळतच नसत. तिथले लोक तुमसरहून भाड्याने आणायचे. एका उन्हाळ्यात वस्तीतल्या लग्नाला भाड्याची भांडी आलीच नाहीत, गाडी वाटेत मोडली. घरोघरच्या गंजुल्यांत थोडा थोडा भात शिजवत बसावं लागलं आणि वऱ्हाडी मंडळी दुपार कलेपर्यंत रिकाम्या पत्रावळींसमोर बसून राहिली. बाई आहेर द्यायला गेल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि तिथेच, मांडवात उभ्या राहून सांगून टाकलं, "पुढच्या उन्हाळ्यात मंडळाचे भांडे येतीन. साऱ्याइसाठी."

सुमनबाई पंगतीत पाणी वाढत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "साऱ्याइचे म्हणजे साऱ्याइचेच ना?"

"हाव."

"तं आमी बी मूठमूठ तांदूळ टाकू. दान म्हणून नाई पायजे."

झालं. त्या वर्षी दर बाजारच्या दिवशी मंडळाच्या डब्यात प्रत्येक घरून मूठभर तांदूळ पडू लागला. पण मुठीने गंज येणार नव्हते. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आम्ही भज्यांचं दुकान लावलं, शाळेच्या आवारात आनंदमेळावा भरवला, तरी कमीच पडत होतं. तेव्हा बाईंनी रेशनच्या रांगेत जाहीर केलं की खळ्यावर बायकांची कबड्डी होणार, सासवा विरुद्ध सुना. तिकीट शेरभर तांदूळ. पुरुषांना बंदी.

घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "सचिव, कबड्डी खेळतेत कशी वो?"

धान मळून झालं होतं, खळं शेणाने सारवलेलं होतं. कोण कोणाची सासू आणि कोण कोणाची सून यावरून आधी अर्धा तास वाद झाला, कारण काही जणी एकाच वेळी दोन्ही होत्या. पंच कोणाला करायचं, तर दोन्ही बाजूंना भिणार नाही अशी एकच बाई गावात होती. सुमनबाईंच्या गळ्यात शाळेची शिट्टी आली. मी सुनांकडून पहिली चढाई केली आणि माझ्या सासूबाईंनी मला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. "घरी कामाच्या वेळी सापडत नाई, इथं सापडली," त्या म्हणाल्या. मालगुजाराच्या घरची एक म्हातारी सासवांकडून खेळायला आली होती. ती बाद झाली, पण बाहेर जाईना. सुमनबाई तिच्या शेजारी उभ्या राहून शांतपणे शिट्टी वाजवत राहिल्या. म्हातारीने कानांवर हात ठेवले, इकडेतिकडे पाहिलं, आणि गेली. माझ्या आठवणीत गावातला तो पहिला निकाल, जो त्या घराने ऐकला.

पुरुष अर्थातच खळ्याकाठच्या आंब्यांवर चढून बसले होते. बाईंना ते दिसलं तेव्हा त्यांनी काकाजींकडे नुसतं पाहिलं. काकाजी एक रिकामं पोतं घेऊन गेले आणि झाडाखाली पसरून बसले. वर बसलेल्यांना उतरायची वाट एकच होती. शेवटी एकेकाने आपल्या बायकोला हाक मारून शेरभर तांदूळ कबूल केला, तेव्हा ते पोतं सरकलं. सासवा जिंकल्या. आम्ही सुना हरलो, पण त्या दिवसानंतर काही घरांतल्या सासवांचा आवाज जरा मऊ झाला, असं माझं मत आहे.

भांडी घ्यायला बाई, सुमनबाई आणि मी माझ्या माहेरी, भंडाऱ्याला गेलो. पितळेच्या भांड्यांसाठी गावोगावचे लोक भंडाऱ्यालाच येत. बाईंनी बाजारातला एकेक गंज बोटाच्या पेराने वाजवून, कान लावून पाहिला. दुकानदार कंटाळला. "बाई, गाणं बसवता का त्याच्यावर?" तो म्हणाला. "गाणं नाई, गाव बसवून राहिलो," सुमनबाई म्हणाल्या. दोन मोठे पितळेचे गंज कल्हई करून घेतले, बाकीची भांडी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची. परतताना कंडक्टर सामानाचं तिकीट मागू लागला. बाईंनी लहान भांडं मोठ्यात, मोठं त्याहून मोठ्यात असं सगळं घालून टाकलं आणि वर परात झाकून तिच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सामानाचा एकच डाग हाय, दादा." तुमसरपर्यंत वाद चालला. शेवटी कंडक्टर म्हणाला, "कोणाचं लगन हाय?" बाई म्हणाल्या, "आता साऱ्याइचेच होतीन."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात भांडी मांडून त्यांनी नियम सांगितला. ज्याचं लग्न आधी ठरलं त्याला भांडी आधी, घर पाहिलं जाणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपलंच घर होतं.

त्या नियमाने पहिला हिसका बाईंच्याच घराला दिला. त्याच वैशाखात सुमनबाईंच्या मुलीचं लग्न सोमवारी होतं आणि बाईंच्या मुलाचं गुरुवारी. म्हणजे भांडी आधी वस्तीत जाणार आणि तिथून बाईंकडे येणार. काकाजींचे थोरले भाऊ बाबूराव शेजारीच वेगळे राहत. ते एका सकाळी बाईंच्या ओसरीवर आले. मी तिथेच अक्षतांना हळद लावत बसले होते. बाबूराव आवाज चढवून बोलणारे नव्हते, म्हणून ते जास्त लागलं.

"वस्तीतून आलेल्या भांड्यात रांधलं, तं माझ्या घरचं कोणी जेवणार नाई. मालगुजाराकडून आणा. नाई तं मी अक्षता टाकीन अन् घरी जाईन. मंग आपला संबंध तेवढाच."

काकाजी दोरी वळत होते, वळतच राहिले. बाई काही तरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या उठून आत गेल्या.

दोन दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. सोमवारी सुमनबाईंच्या मुलीचं लग्न झालं, त्यालाही डोकं दुखतं म्हणून गेल्या नाहीत. मी तिकडून जेवून परत येताना त्यांच्याकडे गेले. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"म्या कायले सांगून टाकलं वो?"

"काकीजी, तुम्हीच म्हणता ना, नंतर भ्यावं."

"तवाचा भेव हशाचा होता," त्या म्हणाल्या. "लोक हसतीन, अखिन काय होईन. हा पोराच्या लग्नाचा हाय. याइचा सख्खा मोठा भाऊ हाय तो. पाण्याचा पाट एक, बैल एकमेकाचे, सुखदुःख एक. मी कोणत्या तोंडानं तोडू?"

मी त्यांचे पाय चेपत बसले. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची पोर, दुसरं काय करणार होते?

मंगळवारी सकाळी बंडीचा आवाज आला म्हणून मी दारात गेले. काकाजी एकटेच बंडी घेऊन तलावाच्या पाळीकडे चालले होते. वाटलं, चारा आणायला जात असतील. थोड्या वेळाने पाळीवरून मोठा खणखणाट ऐकू येऊ लागला. बंडीत भांडी होती. माणूस शहाणा असेल तर भांड्यांखाली तणीस टाकतो, म्हणजे आवाज होत नाही. काकाजी तीस वर्षं बंडी हाकत होते आणि त्यांनी तणसाची एक काडीही टाकली नव्हती. घराकडे यायला मागची गल्ली जवळ होती. ते मधल्या रस्त्याने आले. गंज कढयांवर आदळत होते, झारे परातींवर नाचत होते, लोक दाराशी येऊन उभे राहिले होते. बाबूरावांच्या घरासमोरून बंडी गेली तेव्हा काकाजींनी तिकडे पाहिलं नाही आणि बैलांनाही घाई केली नाही.

मी बंडीच्या मागोमाग गेले, तेव्हा बाई खणखणाटाने उठून ओसरीवर आल्या होत्या. केस विस्कटलेले, पदर कसाबसा घेतलेला. काकाजींनी एकेक भांडं उतरवलं. शेवटचा पितळेचा गंज त्यांनी बाईंच्या पायांशी ठेवला.

"तुनं सांगतलं होतं," ते म्हणाले. "म्या आणलं. आता रांधा."

बाई गंजाकडे पाहत राहिल्या. तो असा घासला होता की उन्हात डोळे दिपत होते. तेवढ्यात मालगुजाराचा गडी आला. "अध्यक्षीणबाई, तुमी भांड्याचा निरोप धाडला होता ना, मालक म्हणते घेऊन जा." तो निरोप बाईंनी आदल्या सांजेला गुपचूप धाडला होता, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी नाक ओढलं, पदर नीट केला. "लागत नाई म्हणा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज परत आला. "अन् तू उभा काहून हायेस? लाकडं फोडू लाग."

गुरुवारी लग्न लागलं, मुलाकडेच, बाईंच्या दारातल्या मांडवात. बाबूराव आले, अक्षता टाकल्या आणि बोलल्याप्रमाणे घरी गेले. त्यांची बायको मागे वळून वळून पाहत गेली. पंगत बसली. वाढायला मंडळाच्याच बायका होत्या, आणि बुंदीची परात सुमनबाईंच्या हातात होती. पळसाच्या पत्रावळींवर भात, वरण, वांग्याची भाजी पडली, पण कोणी हात लावेना. सगळे एकमेकांकडे पाहत होते. बाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या.

नवरीचे वडील चिखल्याच्या खाणीत टिंबरचं, म्हणजे छताला लाकडी टेकू द्यायचं, काम करायचे. मुलीकडचं वऱ्हाड घेऊन आलेला, दमलेला, भुकेला माणूस. काय चाललं आहे हे त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी बाह्या सारल्या.

"बाई, इकडं वाढा बुंदी," ते सुमनबाईंना म्हणाले. "आमी जमिनीच्या खाली काम करतो. तिथं कोणाचा डब्बा कोण उघडते, पाहाले उजेड बी नसते. इथं तं भल्ला उजेड हाय, बुंदी कशी सोडू?" आणि ते जेवायला लागले. मुलीचा बाप जेवतो म्हटल्यावर त्याच्याकडची मंडळी जेवू लागली. मग माझ्या सासूबाईंनी भात कालवला. हळूहळू पंगत चालू झाली. सगळी नाही. काही पत्रावळी तशाच राहिल्या, त्या माणसांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. बाईंनी कोणाला आग्रह केला नाही आणि कोणाला टोचूनही बोलल्या नाहीत. स्वतः मात्र शेवटच्या पंगतीत सुमनबाईंच्या शेजारी बसून इतकी बुंदी खाल्ली की दुसऱ्या दिवशी खरोखरच त्यांचं पोट बिघडलं.

काही दिवसांनी विहिरीवर त्यांनी सुमनबाईंना सांगितलं. लपवून ठेवणं त्यांना जमायचंच नाही. "सुमन, मी मालगुजाराकडं निरोप धाडला होता वो."

"मले माईत हाय. त्याचा गडी आमच्याच घराशेजारी रायते."

"मंग बोलली काहून नाई?"

"कायले बोलू? भांडे मंडळाचे होते. राखेनं, चिंचेनं घासले अन् दारात मांडून ठेवले. नेणारा येते का नाई, पायत बसली." सुमनबाई घागर उचलता उचलता हसल्या. "आला तुमचा माणूस. 'दे' म्हणाला. अखिन काई नाई."

बाबूरावांनी बोलणं टाकलं ते कित्येक वर्षं. रोवणीला बैल मागायचे-द्यायचे बंद झाले, दोन्ही घरांच्या मधलं कुंपण उंच झालं. बाईंना ते फार लागलं. सणाला काही गोड केलं की त्या कुंपणाकडे पाहायच्या. पुढे बाबूराव आजारी पडले, काकाजी त्यांना तुमसरच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि बोलणं सुरू झालं. बाई म्हणाल्या, "बोलाले लागले, जेवाले बी लागतीन." त्यांच्या घरी ते मात्र कधीच जेवले नाहीत.

मंडळाची भांडी गावभर फिरली, मग आजूबाजूच्या गावांतही मागणी येऊ लागली. त्यांच्या भाड्यातून पुढे गावच्या बालवाडीवर कौलं चढली. काही वर्षांनी बाईंनीच सुमनबाईंना अध्यक्ष करायचं सभेत सुचवलं, आणि सगळ्यांनी एकमताने हात वर केले म्हणून महिनाभर रुसून बसल्या. "एकीनं तरी नाई म्हणायचं होतं," असं त्यांचं दुःख होतं. गावाने तोड काढली. सुमनबाई नव्या अध्यक्षीणबाई झाल्या, बाई जुन्या.

ब्याऐंशी साली आम्हाला जवाहरनगरला क्वार्टर मिळालं. मंडळाने मला निरोप दिला. बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आली तवा हिले बांधावरून चालता येत नवतं. आता चालते, तं चालली." सगळ्या हसल्या. बाई खाली बसल्या आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. क्वार्टरांच्या वसाहतीत मी नंतर पुष्कळ वर्षं काढली. तिथे बायकांची भिशी, सहली, मुलांचे मेळावे, जे काही माझ्या हातून झालं, त्याची शिकवण कुठली होती हे मला कोणी विचारलं नाही, पण मला ठाऊक होतं.

बाई गेल्याचं मला उशिरा कळलं. मी गावी पोचले तेव्हा दिवसवारे उरकले होते. घरात सून होती, नातवंडं होती. सुमनबाई येऊन सकाळपासून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाबूराव ओसरीच्या एका टोकाला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. काकाजी दुसऱ्या टोकाला. मी त्यांच्या पायांशी बसले.

काकाजी म्हणाले, "कौसल्या तुह्याकडं येतो म्हणे. दिवाळी झाली का जाऊ म्हणे."

कौसल्या म्हणजे कोण, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मंडळाच्या कागदांवर ते नाव मी कितीदा तरी लिहिलं होतं. पण त्या गावात ते कोणी उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, काकाजींनी तर नाहीच नाही. आत भांडी घासणाऱ्या सुमनबाईंचा हातही थांबला.

"मी विचारलं, केव्हा," काकाजी म्हणाले, "तं दिवस सांगतलाच नाई तिनं."

मग ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे गेले.